पखवाज घेऊन गणेशखिंडीला

मुळशी तालुक्यात शिक्षणसंस्थांची वाण नाही. लवळ्याला सिम्बायोसिस आहे, फ्लेम आहे. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे देशोदेशीची मुलं शिकतात. कोळवणला चिन्मय विभूतीच्या आवारात चिन्मय नादबिंदू हे संगीत-नृत्याचं निवासी गुरुकुल आहे. मात्र तालुक्यातल्या खासगी विद्यापीठांचं शुल्क लाखांत जातं. मालं, मुठा, आंबवणं, रिहे इथल्या भातशेती करणाऱ्या किंवा पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या घराला परवडेल असं विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 1949 पासूनचं, सरकारी, सगळ्यांचं. तालुक्यातल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीला किंवा पखवाज वाजवणाऱ्या मुलाला बारावीनंतर तिथे संगीताची पदवी घ्यायची असेल, तर त्यांचा नंबर लागेल का?

लागू शकतो, पण तो लागायचा की नाही याचा निकाल बारावीनंतरच्या जूनमध्ये ठरत नाही. मूल दहा ते चौदा वर्षांचं असताना तो ठरून गेलेला असतो आणि घरच्यांना याची कल्पनाही नसते. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

आधी गणेशखिंडीतल्या त्या दाराविषयी. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 साली सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाट्य या तीन कला तिथे पदवीसाठी शिकवल्या जातात. केंद्राच्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द आहे. गुरूसमोर बसून घ्यायची तालीम आणि विद्यापीठातला वर्ग, दोन्ही मिळून पदवी व्हावी ही त्यामागची कल्पना. रोहिणी भाटे यांच्यासारख्या थोर कथक नर्तकीने इथल्या कथकच्या अभ्यासक्रमाला आकार दिला. नाटककार सतीश आळेकर 1996 ते 2009 या काळात केंद्राचे प्रमुख होते. या केंद्रातून बाहेर पडलेली मुलं आज मराठी रंगभूमीवर, चित्रपटांत आणि संगीताच्या मंचावर सर्वत्र दिसतात. बारावी कला शाखेतून झाली की वाणिज्य शाखेतून, याने इथे अडत नाही. अडतं ते प्रत्यक्ष सादरीकरणात. परीक्षकांसमोर बसायचं, गायचं किंवा वाजवायचं, विचारलेल्याला उत्तर द्यायचं. ज्या मुलाला गणिताने दहावीत रडवलं, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे! इंजिनिअरिंगच्या यादीत दशांश गुणांनी मुलं गळतात. इथे गळ्यात आणि हातात काय आहे ते पाहिलं जातं.

तरीही मुळशीतून मुलं तिथवर पोचताना अडखळतात. त्याचं कारण परीक्षकांच्या मनात नसून परीक्षेच्या घडणीत आहे. ही घडण दीडशे वर्षांत तयार झालेली आहे आणि गंमत अशी की ती बहुतांशी मराठी माणसांनीच घडवलेली आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीताची शाळा काढली. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, तिचं मूळ या शाळेत आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र, सगळं आलं. घराण्याच्या उंबऱ्याआड असलेली विद्या फी भरून कुणालाही शिकता येऊ लागली, मध्यमवर्गीय घरांतल्या मुली गाऊ लागल्या. त्याच पिढीतले विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, 1916 साली बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. 1926 साली लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून मॅरिस कॉलेज उभं राहिलं. विद्यापीठात संगीत शिकवता येतं, त्याची परीक्षा घेता येते, हे देशाला पटवलं ते या माणसांनी.

हे ऋण फार मोठं आहे. पण परीक्षा आली की अभ्यासक्रम आला, आणि अभ्यासक्रमात काय बसतं आणि काय बसत नाही याची रेघही आली. ती रेघ आखली गेली ख्याल, ध्रुपद, तीनताल, चौताल यांच्याभोवती. भजन, भारूड, ओवी, गोंधळ रेघेबाहेर राहिले.

आता मुळशीत या. दिवाळी अंक हातात पडतात त्या दिवसांत गावोगावच्या देवळांत काकडा चालू असतो. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे टाळ वाजतात. त्याआधी आणि नंतर वर्षभर हरिनाम सप्ताह, एकादशीचं भजन, पंढरीची पायी दिंडी. सातवी-आठवीतला मुलगा या सगळ्यात बसून पखवाज शिकतो. धुमेला कणीक किती लावायची, ती वाळली की बोल कसा बदलतो, गाणाऱ्याने चाल चढवली की ठेका कसा दुगुनीत न्यायचा, हे त्याला कुणी शिकवत नाही. शेजारी बसलेल्या काकाच्या हाताकडे बघून ते हातात येतं. आठ मात्रांचा भजनी ठेका तो दोन-दोन तास लय न ढळू देता धरतो. सप्ताहात रात्रभर जागरणाला साथ करतो. चार हजार माणसांच्या कीर्तनात बुवा कुठे थांबणार आणि कुठे उचलणार हे त्याला बुवांच्या श्वासावरून कळतं. जी हुशारी मी मुळशीतल्या पोरांच्या हातात पाहिली आहे, ती पुण्यातल्या नावाजलेल्या क्लासमध्येही सहज दिसत नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

हाच मुलगा सादरीकरणाला बसला की त्याला सांगतात, चौताल वाजव. बारा मात्रा, सम, खाली, टाळी हाताने दाखवत बोल तोंडाने म्हण. एक परण म्हणून दाखव, मग वाजव. धमार किती मात्रांचा? चौदा. सूलताल? दहा. रेला आणि परण यात फरक काय? त्याने हे शब्दच ऐकलेले नसतात. भजनात बसणाऱ्या मुलीचंही तेच. तिच्या चालींत भूप येऊन गेलेला असतो, यमन येऊन गेलेला असतो, आणि शेवटची भैरवी तर तिने शेकडो वेळा गायलेली असते. पण यमनमधला एक विलंबित ख्याल आलापांसह दहा मिनिटं मांड म्हटलं की ती गप्प होते. तिला सूर येत नाहीत असं नाही. या सुरांना नावं आहेत आणि ती नावं परीक्षेत विचारली जातात, हे तिला अठराव्या वर्षी कळतं.

आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. तिथे राहून, माधुकरी मागून, कीर्तन, गायन आणि पखवाज शिकलेल्या मुलांनी महाराष्ट्राची कीर्तनपरंपरा शंभर वर्षं खांद्यावर वाहिली. मुळशी-मावळातली कितीतरी मुलं त्या वाटेने गेली. पण तिथल्या शिक्षणाने विद्यापीठाच्या प्रवेशाला थेट मदत होत नाही. दोन परंपरा एकाच जिल्ह्यात, आणि दोघींमध्ये पूल नाही.

पूल बांधायचा तर कुठे? इथे तीन सरकारी तरतुदी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला हव्यात. एरवी त्या वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत राहतात.

पहिली, शिक्षणहक्क कायदा, 2009. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. शंभराहून अधिक! हिंजवडी, भूगाव, पिरंगुटसारख्या वाढत्या गावांत हा पट होऊ शकतो. ताम्हिणीच्या, मुठा खोऱ्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत तिन्ही वर्ग मिळून तेवढी मुलं कुठून येणार? तिथे अनेकदा दोन-तीन गुरुजी सगळे विषय शिकवतात. म्हणजे डोंगरातल्या शाळेला गाण्याचा शिक्षक मिळत नाही तो कुणाच्या दुर्लक्षामुळे असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं की कायद्यानेच त्या शाळेला तो देऊ केलेला नाही. पटाची ही अट डोंगरी तालुक्यांसाठी शिथिल करायला हवी. दहा लहान शाळा मिळून एक फिरता शिक्षक दिला तरी चालेल.

दुसरी, सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती. लोक तिला ‘सीसीआरटी’ म्हणतात. केंद्र सरकारची, 1982 पासूनची योजना. वय दहा ते चौदा. वर्षाला 3,600 रुपये आणि शिवाय गुरूच्या शुल्कासाठी मदत, आणि पुढे पदवीपर्यंत ती चालू राहू शकते. रक्कम आजच्या मानाने तुटपुंजी आहे. पण पारंपरिक कलाकारांच्या घरांतल्या मुलांसाठी तिच्यात वेगळ्या जागा ठेवलेल्या आहेत. गोंधळी, गुरव, शाहीर यांच्या घरातलं मूल डोळ्यांसमोर ठेवूनच ती तरतूद केलेली असणार. मुळशीतल्या ज्या मुलाला ही हवी, त्याच्या घरी तिची माहिती पोचते तेव्हा तो पंधराचा झालेला असतो.

तिसरी, दहावीचे वाढीव गुण. 2017 मधल्या शासननिर्णयांपासून शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला जादा गुण मिळतात. तीन परीक्षा झालेल्याला काही, पाच झालेल्याला त्याहून जास्त. या परीक्षा म्हणजे प्रामुख्याने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदच्या दोन. वर्षाला एक परीक्षा धरली तर दहावीपर्यंत पाच होण्यासाठी पाचवी-सहावीत सुरुवात झालेली हवी. आणि सहावीत सुरुवात झालेल्या मुलीची बारावी होईपर्यंत विशारदची परीक्षा होते. ललित कला केंद्राच्या दारात ती येते तेव्हा ताल, थाट, वादी-संवादी, बंदिश, आलाप सगळं तिच्या ओळखीचं असतं.

तीन खात्यांच्या तीन तरतुदी, आणि तिन्ही त्याच चार-पाच वर्षांवर बोट ठेवतात. कोथरूड-कर्वेनगरच्या आईला ही वर्षं कळतात, कारण तिच्या सोसायटीतच क्लास आहे, शेजारणीची मुलगी प्रवेशिकेला बसली आहे. मालं गावच्या आईला ती कळायची तर कोणीतरी तिला सांगायला हवं. त्या मुलीला क्लास लावायचा ठरवला तरी पाचला शाळा सुटल्यावर पौड, पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक असं करत कोथरूड गाठायचं, तासभर शिकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीचा पाऊस कसा असतो हे ज्याने पाहिलंय, त्याला बारा वर्षांच्या मुलीला एकटं पाठवणाऱ्या घरच्यांच्या धास्तीबद्दल वेगळं सांगायला नको. फीपेक्षा हे अंतर जास्त महाग पडतं.

या तालुक्याचे आता दोन भाग झाले आहेत, तेही पाहायला हवं. हिंजवडी-माण-मारुंजीचा भाग शहराला लागला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग तर विद्यापीठाच्या चौकातूनच जातो. तिकडच्या मुलाला गणेशखिंड आता जवळ आहे. पौडच्या पश्चिमेला, धरणाच्या कडेने ताम्हिणीपर्यंतचा भाग मात्र होता तिथेच आहे. प्रवेशाच्या शक्यता या दोन भागांत सारख्या नाहीत, आणि तालुक्याचा एकच आकडा काढून समाधान मानणाऱ्या अहवालाचा काही उपयोग नाही.

मुलींविषयी थोडं थांबून लिहायचं आहे. मुळशीच्या बायकांचं गाणं दुर्लक्षित राहिलं असं म्हणता येत नाही. ते जगात पोचलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम केलं. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्या कामाची सुरुवातीची मुळं मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत आहेत. कोळवडे, नांदगाव अशा मुळशीतल्या गावांच्या बायका त्यात गायल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. पुढे ‘परी’ने (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने) हा संग्रह लोकांसमोर आणला. अभ्यासक त्यावर लिहितात. त्या बायकांच्या नाती आज बारावीला आहेत. आजीच्या गळ्याचा वारसा असलेल्या त्या नातीला संगीताच्या पदवीला यायचं असेल, तर आजीची ओवी तिच्या कामी येते का? आज तरी येत नाही. आजीचं गाणं संग्रहात जातं आणि नातीला आत यायला यमन लागतो. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे लोककलेचं शिक्षण विद्यापीठाच्या चौकटीत होतं. पुण्यातही सादरीकरणाच्या परीक्षेत मुलाने आपल्या गावची एक रचना मांडावी आणि तिला गुण असावेत, एवढी जागा करायला हरकत नसावी. ख्यालाच्या जागी नको, ख्यालाच्या जोडीने. परीक्षकाला त्या मुलाचा कान, त्याची लय, त्याची स्मरणशक्ती दहा मिनिटांत कळेल.

मुलींसाठी आणखी एक दार आहे, ते म्हणजे महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेलं एसएनडीटी विद्यापीठ. त्याच्या कर्वे रस्त्यावरच्या आवारात संगीत हा विषय घेऊन पदवी करता येते. पौड रस्त्याने येणाऱ्या मुलीला ते गणेशखिंडीपेक्षा सोयीचं पडतं, आणि घरच्यांना मुलींचं कॉलेज म्हटल्यावर जरा धीर येतो. गणेशखिंडीत नंबर नाही लागला तर संपलं, असं कुणी मानू नये.

‘गाणं शिकून पोट भरतं का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि तो रास्त आहे. सगळी मुलं मैफलीचे कलावंत होणार नाहीत. सवाई गंधर्व महोत्सवाचा मंच 1953 पासून आहे आणि तिथे बसायला मिळालेले भाग्यवान मोजकेच. पण संगीताची पदवी म्हणजे फक्त मैफल नव्हे. पदव्युत्तर शिक्षण करून नेटची परीक्षा संगीतात देता येते, मग महाविद्यालयात शिकवता येतं. केंद्र सरकारची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. आकाशवाणीची ध्वनिचाचणी आहे. नाटक, मालिका, ध्वनिमुद्रण यांत साथीचं काम आहे. आणि मुळशीतल्या पखवाजवाल्याकडे तर पदवीच्या आधीपासून एक काम आहे, सप्ताहातली साथ आणि तिची बिदागी. शिकत असताना तेही सोडू नये. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहेच.

दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. पदवीशिवाय कलावंत होता येत नाही असं कुणी म्हणत नाही. प्रभा अत्रे फर्ग्युसनमधून विज्ञानाच्या पदवीधर झाल्या, मग कायदा शिकल्या, आणि गायल्या त्या कशा हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी गाणं आहे, ज्याला गुरू सापडला आहे, त्याने पदवी दुसऱ्या विषयात घेतली तरी बिघडत नाही. पण ज्याच्या घरी गुरू ओळखीचा नाही, तानपुरा नाही, पुण्यात राहायला नातेवाईक नाही, त्याच्यासाठी सरकारी विद्यापीठातली जागा हाच गुरूपर्यंत जाण्याचा रस्ता असतो. म्हणून तिथली एकेक जागा मोलाची आहे, आणि ती मुळशी, भोर, वेल्हे, आंबेगावच्या मुलापर्यंत पोचली पाहिजे असं मी आग्रहाने म्हणतो.

जे मूल आज अकरावी-बारावीत आहे आणि ज्याची वर्षं हातातून गेली आहेत, त्याने काय करावं? वेळ थोडा आहे, पण पुरेसा आहे. एक राग धरावा, एकच. यमन किंवा भूप. त्यातला एक मोठा ख्याल, एक छोटा ख्याल, आलाप, थोड्या ताना. रोज तासभर, मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर. मिरजेचा तानपुरा नंतर येईल. पखवाजवाल्याने चौताल धरावा, हाताने ताल दाखवत बोल म्हणण्याची सवय करावी, दोन परणी पाठ कराव्यात. सादरीकरणाला बसताना आपला सूर कोणता, काळी एक की पांढरी चार, हे सांगता यावं. आणि परीक्षकांनी विचारलं, तू कुठे शिकलास, तर खाली मान घालून ‘कुठेच नाही’ असं सांगू नये. गावच्या भजनात बसून शिकलो असं सांगावं. बुवांचं नाव घ्यावं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र घरच्यांनी वाट पाहू नये. मुलगा चौथी-पाचवीत असताना ठेका धरत असेल तर त्याच वर्षी प्रारंभिकचा फॉर्म भरा. या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. दहावं वर्ष पुरं झालं की शिष्यवृत्तीचा अर्ज करा, चौदावं उलटू देऊ नका.

आणि पुण्यातल्या गायक-वादकांना एक विनंती. तुमच्यातल्या अनेकांची शेतघरं मुळशीत आहेत, शनिवार-रविवारी तुम्ही पौड रस्त्याने जाता-येता. पौड, कोळवण, मालं किंवा मुठा यांपैकी एका शाळेत महिन्यातले दोन शनिवार पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी द्या. मुख्याध्यापकांना आधी फोन करा, सोबत तबला-डग्गा घेऊन जा, आणि येत्या जूनपासून सुरू करा.